दिवाणखान्यातलं ऊन

गेल्या रविवारी आईचा फोन आला होता. "अगं, त्या हौदात मासे किती आहेत?"

मी म्हटलं, "सात."

"सात माशांसाठी तू दिवाणखान्याची अख्खी भिंत अडवलीस?"

आता आईला काय सांगणार! मासे हे नुसतं निमित्त आहे. खरा खटाटोप प्रवाळांसाठी. तसं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पोवळं? अंगठीतलं?" ते नव्हे गं! अंगठीतलं लाल पोवळं भूमध्य समुद्रात कपारींच्या अंधारात वाढतं. माझ्याकडचे प्रवाळ उष्ण समुद्रातले. त्यांना ऊन लागतं. आणि आम्ही राहतो दक्षिण जर्मनीत, जिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी माणसांनाच ऊन मिळत नाही, तिथे प्रवाळांना कुठून देणार? म्हणजे ते विकत आणावं लागतं, दिव्यांतून.

या उन्हाचीच गोष्ट आज लिहायची आहे. माझी थोडी, आणि माझ्या आधीच्या लोकांची जास्त.

आमच्या घरापासून दोन घरं सोडून एक आजोबा राहायचे. निवृत्त इलेक्ट्रिशियन. त्यांच्या तळघरात १९८४ पासून प्रवाळांची टाकी होती. गेल्या वर्षी लेकीकडे राहायला जायचं ठरलं, तिथे एवढ्या मोठ्या टाकीला जागा नाही. मी अधूनमधून बघायला जायचे, म्हणून मला विचारलं, "टाकी जुनी झाली आहे, ती नका घेऊ. पण प्रवाळ घ्याल का?" मी उत्साहाच्या भरात हो म्हणून मोकळी झाले. (नवऱ्याला नंतर सांगितलं. असो.) आजोबांनी एकच अट घातली: आधी वाचा, मग पाणी भरा. आणि मासिकं-पुस्तकांची दोन खोकी घरी आणून ठेवली.

पाणी भरायला तसाही वेळ होताच. टाकी ठरली १८० सेंटीमीटर लांब, ७० रुंद, ६० उंच. म्हणजे साडेसातशे लिटर पाणी. दगड, वाळू, काच आणि खालचं स्टँड धरलं तर वजन टनाच्या वर जातं. घरातल्या जमिनीचा हिशोब असतो चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलोंचा. त्यामुळे पहिला खर्च झाला तो इंजिनिअरच्या फीचा! त्याने टाकी भिंतीलगत, खालच्या तुळयांना आडवी ठेवायला सांगितली, म्हणजे भार एका तुळईवर न येता सगळ्यांवर वाटला जातो. मग दगड रचले, मिठाचं पाणी केलं, आणि जिवाणूंचं बस्तान बसेपर्यंत सहा आठवडे नुसतं पाणी बघत बसले. तेव्हा ती खोकी उघडली.

घरात प्रवाळ जगवण्याची पहिली धडपड सापडली ती एका बाईंची. अ‍ॅना थिन. नवरा लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला मोठा धर्माधिकारी. १८४६ साली बाई टॉर्कीच्या समुद्रावर गेल्या होत्या, तिथे खडकावर छोटे प्रवाळ दिसले. घरी न्यायचे म्हणून त्यांनी ते सुईदोऱ्याने स्पंजला शिवले (!), बरणीत घातले आणि लंडनला आणले. लंडनला समुद्राचं ताजं पाणी रोज कुठून मिळणार? म्हणून घरातली मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशी उभी राहून तेच पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतायची. आपण चहा गार करतो ना, तसं! पाण्यात हवा मिसळायची आणि प्रवाळ जगायचे. पुढच्या वर्षी बाईंनी बरणीत समुद्री शैवालही ठेवलं आणि प्रवाळ तीन वर्षं टिकवले. माझ्याकडे हेच काम आज दोन पंप करतात. वाचल्यापासून पंपाच्या आवाजाबद्दल तक्रार करायची सोय राहिली नाही.

पण यात एक मेख आहे. थिनबाईंचे प्रवाळ थंड समुद्रातले, पकडून खाणारे. त्यांना उन्हाची गरजच नव्हती. तेव्हा प्रवाळ म्हणजे स्वच्छ पाणी आणि थोडं खाणं, एवढीच समजूत कोणी करून घेतली तरी नवल नाही.

१८५४ मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं आणि इंग्लंडात हौसेची लाटच उसळली. लोक टोपल्या आणि हातोड्या घेऊन किनाऱ्यावर जायला लागले. पुढे १९०७ साली गॉस यांच्या मुलाने, एडमंडने, 'फादर अँड सन' लिहिलं, त्यात लहानपणी पाहिलेली खडकांतली डबकी या गर्दीने कशी ओकीबोकी केली याची हळहळ आहे. वडिलांनी प्रेमाने लिहिलेल्या पुस्तकांचाच तो परिणाम होता. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि दोन दिवस खोक्याकडे फिरकले नाही. आपणही हौस म्हणून हेच करतोय का? हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

उन्हाचं कोडं उलगडायला त्यानंतरही बराच काळ गेला. उष्ण समुद्रातल्या प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म तपकिरी शैवाल राहतं, हे १८८०च्या दशकातच माहीत झालं होतं. पण ते तिथे करतं काय? १९२८-२९ मध्ये मॉरिस याँग यांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांची मोहीम ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर गेली. त्यांनी जिवंत प्रवाळ अंधाऱ्या पेट्यांत ठेवून पाहिले. शैवाल गेलं तरी प्राणी काही काळ जगला, तेव्हा याँग यांनी निष्कर्ष काढला की प्रवाळ मांसाहारी आहे, शैवालावर त्याचं पोट नाही. पालाऊ बेटांवर जपान्यांचं संशोधन केंद्र होतं, तिथे सिरो कावागुती प्रवाळ आणि प्रकाश यांच्या मागे लागले होते. मग १९५८ मध्ये मस्कटाइन आणि हँड यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून दाखवलं की शैवालाने उन्हात तयार केलेलं अन्न समुद्रफुलाच्या शरीरात जातं. प्रवाळाच्याच नात्यातला प्राणी हा. आणि १९५९ मध्ये जमैकात थॉमस गोरो यांनी दाखवलं की उजेडात प्रवाळाचा चुन्याचा सांगाडा जास्त वेगाने वाढतो.

थोडक्यात काय, तर प्रवाळ हा असा घरमालक आहे की ज्याचा भाडेकरूच स्वयंपाक करतो. आणि त्या स्वयंपाकाचं सरपण म्हणजे ऊन!

हौशी लोकांपर्यंत मात्र हे सहजी पोचलं नाही. त्या काळात युरोप-अमेरिकेत घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ असायचे ते मेलेले, ब्लीचने पांढरेशुभ्र केलेले सांगाडे. शोभेला! माशांच्या मागे हाडं मांडून ठेवायची आणि त्याला समुद्र म्हणायचं. लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात गेल्यावर मलाही पांढरं म्हणजेच प्रवाळ असं वाटायचं. शाळेत पुढे कोणी सुधारलंही नाही.

याच सुमारास जकार्तात ली चिन एंग नावाचे एक गृहस्थ वेगळंच करत होते. समुद्रातला जिवंत दगड आणायचा, समुद्राचंच पाणी, हवेचे थोडे बुडबुडे आणि भरपूर ऊन. बस्स. प्रवाळ मजेत. १९६१ साली त्यांचा लेख अमेरिकेतल्या एका मासिकात आला. पण वाचणाऱ्यांकडे जकार्ताचं ऊन कुठे होतं?

मग सुरू झाली दिव्यांची गोष्ट, आणि इथून आजोबांच्या आठवणी लागतात. साध्या ट्यूबखाली मऊ प्रवाळ तगायचे, पण दगडी फांद्यांचे नाहीत. ऐंशीच्या दशकात इथल्या हौशी मंडळींनी दुकानांच्या शोकेसमधले आणि मैदानांवरचे मेटल हॅलाइडचे दिवे टाकीवर टांगायला सुरुवात केली. आजोबांच्या तळघरात २५० वॅटचे तीन दिवे होते. दिवसाला दहा तास, म्हणजे साडेसात युनिट. उन्हाळ्यात पाणी तापायचं म्हणून वर पंखे. त्यांची बायको म्हणायची, तळघरात तुम्ही सूर्य पाळलाय आणि मला बिल पाळावं लागतं!

उजेड मिळाला की सांगाडा वाढतो, आणि सांगाडा वाढला की पाण्यातलं कॅल्शियम संपतं. त्यावर स्विस पेटर विल्केन्स यांचा उपाय होता. त्यांचं पुस्तक १९७३ चं. उपाय काय असेल? तर चुन्याची निवळी! हो, तीच. आपल्या आज्या पोरांची हाडं मजबूत व्हावीत म्हणून द्यायच्या ती. आजोबा मोठ्या गांभीर्याने मला पाण्यात चुना ढवळायचा, रात्रभर ठेवायचा आणि वरचं निवळ पाणी थेंबथेंब सोडायचं, हे समजावत होते. मला हसू आवरेना. म्हटलं, हे आमच्या आजीच्या फडताळात होतं.

आणखी एक गोष्ट अशीच ओळखीची निघाली. बर्लिनला डीट्रिश श्ट्यूबर यांच्या टाकीत एक अ‍ॅक्रोपोरा जोमाने वाढला. त्याच्या फांद्या तोडून ते इतरांना देत, त्या वाढल्या की ते लोक पुढे देत. असं करत त्या एका प्रवाळाचे तुकडे कितीतरी टाक्यांत पोचले. आपल्याकडच्या विरजणासारखं! आपलं दही बिघडलं तरी शेजारी आपलंच विरजण असतं. प्रत्येक वेळी समुद्राकडे हात पसरायची गरज उरत नाही. एडमंड गॉसच्या हळहळीला मला मिळालेलं हे निम्मं उत्तर.

अमेरिकेत १९८६ साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनंतर प्रवाळांची हौस फोफावली. आणि शेवटचा टप्पा निळ्या एलईडीचा. समुद्रात खाली जाताना लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, निळा खोलवर पोचतो, आणि प्रवाळातलं शैवाल निळ्यावर उत्तम काम करतं. १९९३ मध्ये जपानात शुजी नाकामुरांनी झगझगीत निळा एलईडी करून दाखवला (२०१४ चं नोबेल त्यात आकासाकी आणि आमानो यांच्याबरोबर मिळालं). आज माझ्या टाकीवरचे तीन दिवे मिळून तीनशे वॅटच्या आत काम भागवतात. आजोबांनी ते पहिल्यांदा पेटलेले पाहिले आणि म्हणाले, "हे ऊन नाही, हा डिस्को आहे."

आता माझी चूक. जानेवारीत आजोबांच्या अ‍ॅक्रोपोराच्या पाच फांद्या आणल्या. तीसेक वर्षं त्यांच्याकडे वाढलेला प्रवाळ. दगडावर वरच्या बाजूला चिकटवल्या आणि दिवे लावले. मला उजेड मंद वाटला, म्हणून वाढवला. चौथ्या दिवशी टोकं फिकी, आठव्या दिवशी दोन फांद्या पांढऱ्याफटक.

आजोबा आले. काही बोलले नाहीत. पिशवीतून प्रकाश मोजायचं यंत्र काढलं आणि पाण्यात धरलं. आकडा ४५०. त्यांच्या तळघरात त्याच प्रवाळाला मिळत होता २०० च्या आसपास. आपल्या डोळ्याला निळा उजेड मंद दिसतो, शैवालाला तो भरपूर असतो. मी माझ्या डोळ्यांनी प्रवाळाची भूक मोजली होती! फार उजेड झाला की शैवाल जास्त प्राणवायू बनवतं, त्याची विषारी रूपं तयार होतात आणि प्रवाळ आपल्या स्वयंपाक्यालाच घराबाहेर काढतो. मग उरतो पारदर्शक जीव आणि खालचा पांढरा सांगाडा.

समुद्रात हेच पाणी तापल्यामुळे होतं. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या प्रवाळांच्या चौथ्या मोठ्या विरंजनाची घोषणा केली. ती बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं. माझ्या दोन फांद्या पांढऱ्या झाल्या तेव्हा त्या बातमीचा अर्थ कळला. मी दिव्याचं बटण फिरवून उजेड निम्म्यावर आणला. समुद्राला तसं बटण नाही.

दोन फांद्या गेल्या. तीन वाचल्या. दर आठवड्याला थोडाथोडा उजेड वाढवत नेला, आता टाकीत वर २५०, मध्ये १५०, वाळूवर ८० च्या आसपास ठेवते. दोन महिन्यांनी त्या तिघींवर तपकिरी रंग परत आला. मी चक्क साखर वाटली.

मालवणच्या मामेभावाने विचारलंय, मीही घरी करू का? बाबा रे, नको. भारतात २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. शिवाय तुझ्या दारात खरे प्रवाळ आहेत, आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आपल्या आंग्र्यांच्या नावाची अख्खी अँग्रिया बँक पाण्याखाली आहे. तुला फुकटचं ऊन मिळालंय. पाण्यात उतर, बघ, आणि काही न आणता वर ये.

मागच्या महिन्यात एक फांदी वाढून बोटाएवढी झाली. तिचं टोक कापलं, डब्यात घातलं आणि आजोबांना त्यांच्या लेकीकडे नेऊन दिलं. त्यांनी खिडकीपाशी साठ लिटरची छोटी टाकी केली आहे. यंत्र पाण्यात धरून त्यांनी आधी आकडा पाहिला, मग फांदी लावली. मी म्हटलं, आमच्याकडे याला विरजण म्हणतात. त्यांना तो शब्द काही म्हणता आला नाही.

आणि आई, मासे आता आठ झालेत.