यंत्राचे संदर्भासहित वाचन

१४ जून १९३६ रोजी न्यूरबुर्गरिंगच्या आयफेल शर्यतीत अर्न्स्ट हेन्ने या मोटरसायकलच्या विक्रमवीराने एक छोटी पांढरी गाडी दोन लिटर गटात पहिली आणली. बीएमडब्ल्यू ३२८ चे हे पहिले दर्शन. १९४० पर्यंत अशा अवघ्या ४६४ गाड्या तयार झाल्या. तरीही मोटारींच्या इतिहासात तिचे स्थान अढळ आहे.

या गाडीचे मोठेपण काटकसरीत आहे. नवे इंजिन घडवण्याइतका पैसा आणि वेळ कंपनीजवळ नव्हता. तेव्हा ३२६ या घरगुती गाडीचे १९७१ घनसेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे इंजिनच हाती घेण्यात आले. कॅमशाफ्ट होता तिथेच, खाली ठेवला. बदलले ते फक्त वरचे डोके. अ‍ॅल्युमिनियमच्या या नव्या डोक्यात व्हॉल्व्ह तिरके बसवले आणि पलीकडच्या बाजूचे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी आडव्या दांड्यांची दुसरी जोडणी केली. तीन कार्ब्युरेटर त्यावर चढले आणि ५० अश्वशक्तीची ८० झाली. नळ्यांचा सांगाडा आणि सुमारे ८०० किलो वजन यांमुळे अधिक ताकदीच्या गाड्यांनाही ती भारी पडू लागली. १९३९ च्या ल मान्स शर्यतीत ती एकंदरीत पाचवी आली.

इथपर्यंतची कथा निखळ आनंदाची वाटते. परंतु २८ एप्रिल १९४० चे ब्रेशिया विसरून चालणार नाही. डेन्मार्क आणि नॉर्वेवरील जर्मन आक्रमणाला तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशी मिले मिल्या शर्यत ३२८ च्या बंदिस्त गाडीने ताशी सुमारे १६७ किलोमीटर सरासरीने जिंकली. विजेता हुश्के फॉन हान्स्टाइन याच्या अंगावरील पोशाखावर एसएसची अक्षरे होती.

साहित्याच्या वर्गात आपण हाच प्रश्न वेगळ्या रूपात विचारतो : कलाकृती तिच्या काळापासून वेगळी काढता येते का? आडव्या दांड्यांची ती कल्पना कोणत्याही पक्षाची नव्हती, हे खरेच. युद्धानंतर ती इंग्लंडला गेली आणि ब्रिस्टल या विमान कंपनीच्या मोटारींत कित्येक वर्षे धडधडत राहिली. म्हणजे यंत्र आपला देश बदलू शकते. परंतु छायाचित्रातील तो पोशाख बदलत नाही.

म्हणून गौरवग्रंथांत ते छायाचित्र कापून छापले जाते, तेव्हा तो केवळ मांडणीचा प्रश्न राहत नाही, असे आम्हांस वाटते. अभियंत्यांच्या बुद्धीला दाद द्यावी, मनापासून द्यावी. मात्र ती अक्षरे वाचून द्यावी. संदर्भ गाळलेले वाचन कवितेला न्याय देत नाही. ते यंत्राला तरी कसे देईल?