नोकरी गेली, वही राहिली

आज एका माशाची आणि एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. मासा तुमच्या ओळखीचा आहे. उजनीच्या काठावर त्याला चिलापी म्हणतात, पुस्तकात तिलापिया. भिगवणच्या बाजारात तो ढिगाने दिसतो. आपल्यापैकी अनेकींच्या घरी कालवणात पडलेला आहे. पण हा मूळचा आपल्याकडचा नाही. त्याचं माहेर आफ्रिका. १९५२ साली त्याची एक जात भारतात आणली गेली आणि इथल्या तळ्यांत ती चांगलीच रुळली.

आफ्रिकेत या तिलापियाच्या जाती कुठे राहतात, कधी अंडी घालतात, कशा वाढतात, याची पाण्यावर राहून नोंद करणाऱ्यांत रोझमेरी लो-मॅकॉनेल या पहिल्या काहींपैकी एक. आपण त्यांना रोझमेरीबाई म्हणू.

त्यांचा जन्म १९२१ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. तिथल्याच विद्यापीठात त्या शिकल्या. दुसरं महायुद्ध चालू असताना विंडरमियर सरोवराकाठच्या संशोधन केंद्रात त्यांनी वाम माशांचा अभ्यास केला. गोड्या पाण्यात वाढलेली वाम अंडी घालायला समुद्राकडे निघते, तो तिचा प्रवास त्यांनी तपासला. युद्ध संपलं त्या वर्षी, १९४५ मध्ये, चोविशीतली ही मुलगी आफ्रिकेतल्या न्यासा सरोवरावर जाऊन पोचली. आज त्या देशाला मलावी म्हणतात. सरोवर एवढं मोठं की समोरचा काठ नजरेत मावत नाही.

तिथले लोक तिलापियाच्या स्थानिक जातींना ‘चांबो’ म्हणतात आणि मोठ्या आवडीने खातात. मासेमारी वाढत होती. चांबो पुरेल का, कसा टिकेल, हे शोधायचं काम बाईंकडे होतं. दोन वर्षं त्या होडीतून फिरल्या. जाळ्यात आलेला मासा मोजायचा, वजन करायचं, पोट कापून अंडी पाहायची, तारीख आणि जागा लिहायची. दिसायला सारख्या वाटणाऱ्या चांबोमध्ये वेगवेगळ्या जाती आहेत, आणि त्यांचा अंडी घालण्याचा हंगाम आणि जागा वेगळ्या आहेत, हे या नोंदींतून पक्कं झालं.

मैत्रिणींनो, चांबोची मादी अंडी तोंडात धरते. पिल्लं बाहेर आली तरी काही दिवस तोंडातच सांभाळते. धोका दिसला की पिल्लं परत आईच्या तोंडात शिरतात. त्या दिवसांत ती जवळजवळ उपाशीच असते. म्हणजे अशा वेळी एक मादी जाळ्यात आली, तर एक मासा नाही, एक अख्खं घरटं गेलं. कुठल्या महिन्यात, कुठल्या काठाला जाळं टाकू नये, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. त्यासाठी वही लागते.

१९४८ पासून त्या युगांडातल्या जिंजा गावी, व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी असलेल्या मत्स्यसंशोधन संस्थेत काम करू लागल्या. तिथे पूर्व आफ्रिकेतली अनेक सरोवरं त्यांनी पाहिली. एक गोष्ट त्यांच्या नोंदीत आली ती आपल्या तळेवाल्या गटांच्या थेट कामाची आहे. मोठ्या सरोवरात तिलापिया भरपूर वाढून मग अंडी घालतो. तोच मासा छोट्या डबक्यात किंवा तळ्यात कोंडला की लहान असतानाच अंडी घालायला लागतो. पिल्लांची गर्दी होते आणि कुणीच मोठं होत नाही. “आमच्या तळ्यातला चिलापी बोटाएवढाच राहतो” असं कुणी म्हणालं, तर बोटुकली खराब होती असंच समजू नका. माशाचा स्वभावही तसा आहे.

काम असं रंगात आलेलं असताना १९५३ मध्ये त्यांचं लग्न झालं. नवरा रिचर्ड मॅकॉनेल, भूगर्भशास्त्रज्ञ. आणि बाईंची नोकरी गेली. त्यांनी काही चूक केली म्हणून नाही. ब्रिटिशांच्या वसाहतींमधल्या त्या सरकारी सेवेचा नियमच होता की लग्न झालेल्या बाईने राजीनामा द्यायचा. नवऱ्याची नोकरी तशीच राहिली. त्याला कुणी विचारलंही नाही की संसार सांभाळून दगड कसे तपासणार!

हे तिकडचंच, असं म्हणू नका. आपल्या देशाच्या परराष्ट्र सेवेतही स्त्री अधिकाऱ्याला लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर तिचा राजीनामा मागता येई. त्या सेवेतल्या पहिल्या स्त्री अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९७९ मध्ये न्यायालयाने अशा नियमांवर कडक शब्दांत टीका केली. म्हणजे आपल्यातल्या काहीजणींच्या जन्माआधी फार नाही, अगदी थोडी वर्षं.

रोझमेरीबाईंनी मात्र काम सोडलं नाही. नवऱ्याच्या कामामुळे त्या दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात गेल्या. आजचा गयाना देश तो हाच. आपल्या देशातून ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे मोठ्या संख्येने आहेत. तिथे बाई पुन्हा पाण्यावर. समुद्रकाठचे मासे नोंदले, आणि आत रुपुनुनी नावाच्या गवताळ माळावरचेही. तो माळ पावसाळ्यात पाण्याखाली जातो. नदीतले मासे त्या पसरलेल्या पाण्यात चढतात आणि अंडी घालतात. उन्हाळ्यात पाणी आटतं, डबकी उरतात आणि अडकलेले मासे बगळ्यांच्या आणि माणसांच्या तावडीत सापडतात. ऐकून ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडे पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे येतात, काही भागात त्यालाच वलगण म्हणतात. चढणीचा मासा पोटात अंडी घेऊन निघालेला असतो, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. बाईंनी तेच दूरच्या माळावर मोजून लिहून ठेवलं.

पुढे इंग्लंडला परतल्यावर लंडनच्या निसर्ग संग्रहालयाशी त्या सहयोगी म्हणून जोडल्या गेल्या. न्यासावरचा त्यांचा अहवाल १९५२ मध्येच छापला गेला होता. उष्ण प्रदेशातल्या नद्या-तळ्यांतल्या माशांवर त्यांचं मोठं पुस्तक १९७५ मध्ये आलं, दुसरं १९८७ मध्ये. लंडनच्या लिनियन सोसायटीने १९९७ मध्ये त्यांना आपलं मानाचं पदक दिलं. वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमाराला, २००६ मध्ये, त्यांनी तिलापियाच्या मागे घालवलेल्या आयुष्याची हकिकत लिहिली. २०१४ मध्ये त्या गेल्या.

आता त्यांच्या कागदांचं मोल काय, ते पाहू. व्हिक्टोरिया सरोवरात १९५० नंतरच्या वर्षांत नाईल पर्च नावाचा मोठा शिकारी मासा बाहेरून आणून सोडला गेला. १९८० नंतर तिथल्या छोट्या माशांच्या कितीतरी जाती दिसेनाशा झाल्या. छोटे मासे उन्हात वाळवून विकणाऱ्या बायकांचा धंदा बसला. मोठा मासा कारखान्यांकडे गेला. आधी सरोवरात काय होतं आणि नंतर काय गेलं, हे कशावरून सांगणार? जुन्या अहवालांवरून, आणि संग्रहालयात बरणीत ठेवलेल्या माशांवरून. बरणीवर चिठ्ठी असते: कुठे सापडला, कोणत्या दिवशी, कुणी धरला. चिठ्ठी नसेल तर तो नुसता जुना मासा.

म्हणून आपल्या गटांना एक सांगते. बचतीची वही आपण चोख ठेवतो. पण ज्या गटांनी तळं ठेक्याने घेतलंय, त्यांनी तळ्याचीही वही ठेवा. मत्स्यबीज कधी सोडलं, किती सोडलं. पाणी कोणत्या महिन्यात किती उतरलं. कोणता मासा किती वजनाचा निघाला, कोणता दिसेनासा झाला. दर वेळी जाळं ओढायला कोण होतं, मासे कुणी साफ केले, बाजारात कोण बसली, त्यांची नावं लिहा. पूर्ण नावं. ‘अमक्याची बायको’ असं नको.

पुढच्या वर्षी ठेका पुन्हा मागायला जाल, तेव्हा समोरचा विचारेल, “तुम्हाला बायांना यातलं काय कळतं?” त्या वेळी वही उघडून त्याच्यापुढे ठेवा.