गुरुजींचे तंटे आणि संघाचा चिटणीस

सोलापूरकरांना लढा म्हणजे काय हे व्याख्यान देऊन सांगावयास नको. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी निघाली. तेव्हापासून भोंगा, मोर्चा आणि संप हे शब्द या गावाच्या अंगवळणी पडले. म्हणूनच एखाद्या शिक्षकावर अन्याय झाला की आम्हांला प्रथम मोर्चाच आठवतो. पण गिरणीकामगाराची वाट निराळी, गुरुजींची निराळी. गिरणीतल्या तंट्यासाठी १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा होता, कामगार न्यायालय होते. गुरुजींना ते दार नव्हते. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातला ‘कामगार’ नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात स्पष्टच सांगून टाकले.

मग खाजगी शाळेतील शिक्षकाला आधार कोणता होता? माध्यमिक शाळा संहिता होती. पण ती मुळात अनुदानाच्या अटींची नियमावली. तिच्या बळावर संस्थेला न्यायालयात खेचणे अवघड. संघाच्या चिटणीसाने संस्थेच्या अध्यक्षांकडे जावे, चहा घ्यावा आणि ‘एवढ्या वेळी सांभाळून घ्या’ म्हणून गळ घालावी, एवढेच त्याच्या हाती असे. कित्येक ठिकाणी तर नेमणुकीच्या दिवशीच तारीख न घातलेला राजीनामा लिहून घेत.

ही स्थिती पालटली ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियमाने. तो १९७८ चा तिसरा कायदा. अंमल सुरू झाला १५ जुलै १९८१ पासून. (जिल्हा परिषदेच्या गुरुजींचे नियम निराळे, त्यांत आज शिरत नाही.) राजीनामा दोन प्रतींत, सही-तारखेनिशी लिहावा, एक प्रत रजिस्टर टपालाने पाठवावी आणि दुसरी स्वतःजवळ ठेवावी, असे या कायद्याने घालून दिले. तेव्हापासून जाणता चिटणीस रडत आलेल्या शिक्षकाला आधी पाणी देतो आणि मग विचारतो, “टपालाची पावती आहे का?” बडतर्फी झाली तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करावयास ३० दिवस. सबळ कारणाशिवाय ते दिवस ‘अध्यक्षांशी बोलणे चालू आहे’ म्हणून गेले, की न्याय्य बाजूही दाराबाहेर राहते. बोलणी जरूर करावीत. पण दिनदर्शिकेवर तिसाव्या दिवसाला खूण करून मग करावीत.

या कायद्याखालच्या नियमांत एक मोठी मार्मिक तरतूद आहे, आणि तिचा मर्म फारच थोड्यांना उमगला असे आम्हांस वाटते. शिक्षकाची चौकशी तिघांनी करावयाची: एक संस्थेचा, एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या शिक्षकांपैकी, आणि एक खुद्द आरोपी शिक्षकाने निवडलेला, कोणत्याही खाजगी शाळेतला कर्मचारी. हा तिसरा माणूस पुष्कळदा संघाचा कार्यकर्ता असतो. परंतु तो तेथे वकील म्हणून बसत नाही, पंच म्हणून बसतो! वकिली करू लागला की उरलेले दोघे त्याचे ऐकणे सोडतात. साक्षीदाराला नेमका प्रश्न विचारणारा, कागद मागून घेणारा, न पटल्यास आपले मत सकारण नोंदवणारा असा पंच मात्र शिक्षकाला शंभर घोषणांहून अधिक उपयोगी पडतो. संघाच्या निवडणुकीत अशा माणसाला मते कमी पडतात, हेही खरे.

सर्वांत अवघड वाद संस्थेशी नसतो. तो दोन सभासदांतलाच असतो. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते आणि दोघेही जुने सभासद संघाकडे येतात. एक म्हणतो, मी आधी लागलो. दुसरा म्हणतो, पण मी आधी बी. एड. झालो. पदवीधर शिक्षकाची ज्येष्ठता केवळ रुजू झाल्याच्या दिवसावरून ठरत नाही; प्रशिक्षित पदवीधरांच्या वर्गात तो केव्हा आला, हे पाहावे लागते. वर्षानुवर्षे शेजारी बसून डबा खाल्लेल्या त्या पहिल्या मित्राला ‘तुमचा हक्क बसत नाही’ असे चिटणीसाने तोंडावर सांगावयाचे असते. तो दुखावतो, कधी संघही सोडतो. पण न सांगितले तर दोघेही सोलापूरच्या न्यायाधिकरणापासून उच्च न्यायालयापर्यंत पगार घालवीत जातात, आणि शाळा तोवर प्रभारीच्या हाती.

संस्थेने ज्येष्ठता यादी करून ती सर्वांत फिरवावी, सह्या घ्याव्यात, हरकती ऐकाव्यात, आणि वाद राहिल्यास तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावा, असा नियम आहे. बहुतेक शिक्षक घंटेच्या घाईत न वाचताच सही करतात. आम्हांला माहीत असलेले चांगले चिटणीस ही यादी घरी नेऊन, चष्मा लावून, मुख्याध्यापक निवृत्त होण्याच्या दोन वर्षे आधी वाचतात.