झोपेची मुळी आणि झोपेची यादी

"झोप येत नाही" असं ऑफिसात नुसतं म्हणून बघा. पाच मिनिटांत तीन जण तीन आयुर्वेदिक गोळ्या सुचवतात. वर "नॅचरल आहे रे, साइड इफेक्ट काही नाही" हे असतंच. मंडळी, हे वाक्य किती खरं आहे ते बघायचं असेल तर सर्पगंधेची गोष्ट वाचायला हवी. तिचा महत्त्वाचा भाग आपल्या मुंबईतच घडलाय.

सर्पगंधा म्हणजे एक लहानसं झुडूप. औषधी असते ती त्याची मुळी. सापाचं विष, वेड आणि निद्रानाश ह्यांवर ती आपल्याकडे पूर्वीपासून वापरात होती. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी लिहिलं, की मुळीच्या चूर्णाने झोप येते आणि रक्तदाबही उतरतो. पण भारताबाहेर फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

मग आले मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. १९४९ साली त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा अभ्यास छापला आणि जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसरपिन वेगळं केलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन ह्यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १९५७ चं लास्कर पारितोषिक मिळालेल्यांत वकील आणि क्लाइन दोघंही होते.

इथवर गोष्ट अभिमानाची. पण पुढे काय झालं? रेसरपिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये खोल उदासी दिसल्याच्या नोंदी येऊ लागल्या. ती किती प्रमाणात औषधामुळे, ह्यावर अजूनही वाद आहे. औषध काम कसं करतं ते मात्र स्पष्ट झालं. मेंदूतले सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनॅलिन आणि डोपामिनचे साठेच ते रिकामे करतं. स्वीडनच्या अर्विद कार्लसन ह्यांनी १९५७ मध्ये रेसरपिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा दिलं, आणि ससे उठून हिंडू लागले. त्यांच्या डोपामिनवरच्या कामाला २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे मुळी नैसर्गिक, पण ताकद कुठल्याही कारखान्यातल्या गोळीइतकीच. 'सर्पगंधा' नाव असलेली गोळी आजही मिळते. रक्तदाबाची किंवा नैराश्याची औषधं चालू असताना ती आपल्या मनाने घेणं म्हणजे शुद्ध धाडस.

आता गंमत बघा. एवढं जग हलवणाऱ्या ह्या मुळीचा चरकाच्या झोपेवरच्या मुख्य विवेचनात पत्ताच नाही! सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निद्रानाशाची कारणं दिलीत: काम, काळ, आजार, प्रकृती आणि वात. पहिला नंबर कामाचा, हे वाचून मी तर दचकलोच. उपायांत अंगाला तेल लावणं, स्नान, दूध, तूप, दही, तांदळाचा भात, मांसरस, पाय चेपून घेणं, आवडते वास आणि आवाज, मनाला बरं वाटणं, चांगलं अंथरूण आणि योग्य वेळ. (मद्यही आहे यादीत, पण त्याने झोप मोडते हे आज नक्की माहीत आहे. सगळंच डोळे मिटून घ्यायचं नसतं.) दुसऱ्या एका अध्यायात झोप न येणाऱ्यासाठी म्हशीचं दूध चांगलं म्हटलंय.

दूध, तूप, भात म्हटल्यावर आमच्या विदर्भातला धानाचा मुलूख आठवतो. भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीसारख्या गावात रोवणीच्या दिवसांत बायामाणसं दिवसभर चिखलात वाकलेली असतात. रात्री त्यांना झोपेची गोळी सुचवायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण धान कापून पडलंय आणि आभाळ भरून आलंय, अशा रात्री त्याच घरात ताटात भात असूनही झोप लागत नाही. म्हणजे प्रश्न नुसत्या आहाराचा नाही, आणि नुसत्या थकव्याचाही नाही.

चरकाने झोप कशी येते ते सांगितलंय: मन दमलं, इंद्रियं दमली आणि ती विषयांपासून मागे फिरली, की माणूस झोपतो. आपलं घोडं इथेच अडतं. दमतो आपण भरपूर, पण मागे फिरत नाही. कॉल संपला की मेल, मेल संपली की मोबाइल.

आजचं वैद्यकही गोळीच्या आधी सवयींकडेच बघतं. रिचर्ड बूटझिन ह्यांनी १९७२ मध्ये साधा नियम मांडला: अंथरूण झोपेसाठीच; झोप येत नसेल तर उठा, आली की परत या. अशा सवयी आणि विचार बदलण्याच्या उपचाराला, म्हणजे सीबीटी-आयला, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपाय ठरवलं. चरकाला हे सगळं आधीच माहीत होतं असा दावा मी करणार नाही. दिशा मात्र जुळते.

नाइट शिफ्टवाल्यांसाठी वाग्भटाची एक सूचनाही आहे: सवय नसताना जागरण झालं, तर जितका वेळ जागलात त्याच्या निम्मा वेळ सकाळी न जेवता झोपा. गोळीच्या बाटलीवर असलं काही छापलेलं नसतं.

थोडक्यात काय, आयुर्वेदातून आपण मुळी पटकन उचलली आणि यादी तिथेच ठेवली. मुळी बाजारात मिळते. यादीतली पहिली ओळ, म्हणजे काम, त्याचं काय करायचं ते मॅनेजरशी बोलून ठरवावं लागतं. ते जास्त अवघड आहे, हे मान्य!