काशीतला कुत्र्याचा घास

शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधवला. दगडांचा भार काठाला पेलला नाही, घाट खचला. तिथून ब्रह्माघाटापर्यंत मराठी बिऱ्हाडं होती, त्यांतलंच एक आमचं. आजोबांचा वैश्वदेव झाला की आजी कुत्र्याचा घास दाराबाहेर ठेवी: मोकळा भात, चतकोर पोळी, मीठमसाला नाही. घास ठेवून ती मागे सरे. जेवत्या कुत्र्याला हात लावायचा नाही, ही तिची शिस्त. काशीचा कोतवाल कालभैरव, त्याचं वाहन कुत्रा. जेजुरीच्या खंडोबासोबतही कुत्रा असतोच, त्यामुळे ही रीत आम्हाला घरचीच वाटे.

आजीची पद्धतच योग्य होती, असं मी ठामपणे म्हणतो. आता भाविक प्रेमानं पेढे नि जिलबी भरवतात, पण साखर कुत्र्याला बाधते. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट तर विषच. आणि जेवता कुत्रा चावला तर रेबीजची भीती. रेबीजची लस पाश्चरनं १८८५ साली माणसाला दिली, तरी आपल्याकडे या रोगानं माणसं अजून मरतात. घाटावरच्या कुत्र्याला भात-पोळी आणि स्वच्छ पाणी द्या. घरचं पिल्लू तीन महिन्यांचं झालं की त्याला रेबीजची लस टोचून घ्या, आणि पुढचे डोस चुकवू नका.