बिल अडकलंय? लघुउद्योजकांनो, ४५ दिवसांचा नियम माहीत आहे का?

उरण : न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. त्यानंतर उरण-पनवेलच्या गावांत ट्रेलर दुरुस्ती, टायर, वेल्डिंग, जेवणाचे डबे असे बंदरावर चालणारे धंदे वाढले. काम मिळतं, पण बिल वेळेवर निघत नाही, ही तक्रार मात्र कायमची.

लघुउद्योगांसाठी १९६७ पासून सरकारने काही वस्तू राखीव ठेवल्या होत्या. मोठ्या कंपन्यांनी त्या बनवायच्या नाहीत, असं धोरण. ही यादी आठशेच्या वर गेली, मग कमी होत होत २०१५ मध्ये शेवटच्या २० वस्तूही निघाल्या. आता भर कर्ज, अनुदान आणि वेळेत पैसे मिळण्यावर आहे. अनुदानाची चर्चा चावडीवरही होते, पैशांच्या मुदतीची फारशी होत नाही.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही दरमहा चक्रवाढ व्याज. करारात ‘व्याज नाही’ लिहून घेतलं असेल तरी ते टिकत नाही. कामात खोट असेल तर कंपनीने १५ दिवसांत लेखी कळवायला हवं. म्हणून चलनावर तारीख आणि सही घ्याच.

यासाठी उद्यम नोंदणी हवी, आणि ती काम घेण्याआधी. ती ऑनलाइन आहे, फुकट आहे. एजंटला पैसे कशाला? १ एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटींपर्यंत उलाढाल असलेला धंदा सूक्ष्म धरला जातो, म्हणजे गावातलं गॅरेज त्यात आरामात बसतं. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र ४५ दिवसांचा हा लाभ नाही.

पैसे अडकले तर फॅसिलिटेशन कौन्सिलकडे ऑनलाइन तक्रार करता येते. निकाल विरोधात गेला आणि कंपनीला कोर्टात आव्हान द्यायचं असेल, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तरी पुढचं काम जाईल या भीतीने अनेकजण गप्प बसतात, हे खरंच आहे. अशा वेळी आयकराचा नियम उपयोगी पडतो. मुदतीत न दिलेलं बिल कंपनीला पैसे देईपर्यंत खर्चात दाखवता येत नाही. मार्चआधी अकाउंट विभागाला तेवढी आठवण करून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

नोंदणी आणि तक्रारीची माहिती अलिबागच्या जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.