पेशवेकालीन बुद्धिबळ-अध्यापन : डावपेच व अंत्यखेळ

रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव व चिमाजीअप्पा हे काही काळ जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर नजरकैदेत होते. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. त्यानंतर बाजीरावास जुन्नरहून पुण्यास आणण्यात आले व १७९६ मध्ये पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. या दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयास असलेल्या त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचा इंग्रजी अनुवाद १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. पेशवाईच्या राजकीय ऱ्हासाच्या विवेचनात हा बौद्धिक वारसा सहसा दुर्लक्षित राहतो.

या ग्रंथाचा भर डावाच्या प्रारंभावर नसून निवडक स्थितींवर आहे. पटावर मोजकी मोहरी मांडावयाची व मात शोधावयाची, अशी ही शिक्षणपद्धती होय. तिचे कारण देशी खेळाच्या नियमांत आढळते. प्यादे सामान्यतः एकेक घरच पुढे सरके. त्यामुळे प्रारंभ संथ होई व निर्णय मध्य आणि अंत्य टप्प्यांत लागे. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे बहुधा त्या घरच्या मोहऱ्याचेच रूप घेई. प्रतिपक्षाकडे केवळ राजा उरल्यास ‘बुर्जी’ होऊन डाव विजयाविना संपे. सर्व मोहरी मारणे म्हणजे विजय नव्हे, हे विद्यार्थ्यास प्रथमच उमगे.

या परंपरेचे सामर्थ्य पंजाबच्या मीर सुलतान खान यांच्या खेळात दिसून आले. देशी नियमांत वाढलेले सुलतान खान प्रारंभाच्या अभ्यासात दुर्बल, परंतु अंत्यखेळात निष्णात होते. १९२९, १९३२ व १९३३ मध्ये त्यांनी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर यांच्याविरुद्धच्या दहा डावांत त्यांनी केवळ एक बरोबरी दिली. तथापि प्रारंभाच्या अज्ञानाची किंमतही त्यांना मोजावी लागली. म्हणून या पद्धतीस परिपूर्ण म्हणता येत नाही.

२०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. कोनेरू हंपी यांच्याविरुद्धच्या जलद डावाचा निर्णयही अंत्यखेळातच लागला.

सारांश, संगणकाच्या साह्याने प्रारंभाचे पाठांतर सुलभ झाले असले, तरी गणन व अंत्यज्ञान यांना पर्याय नाही. जुन्नर, घोडेगाव, मंचर यांसारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्यांस महागडे प्रशिक्षण परवडेलच असे नाही. एक पट, मोजकी मोहरी व रोज एक स्थिती, एवढ्या साधनांवरही अभ्यासाचा पाया घालता येतो, हे दोन शतकांपूर्वीच्या या ग्रंथावरून स्पष्ट होते.